नऊ कोटी साठ लाख

३ सप्टेंबर, मंगळवार

वही आणली. डॉक्टर नजलाबाईंनी रोजचं बीपी लिहून ठेवायला सांगितलंय. वही चांगली आहे, कातडी पुठ्ठ्याची. एवढ्या चांगल्या वहीत नुसते आकडे लिहिणं म्हणजे सागवानी दाराला खिळा ठोकून टोपी अडकवणं. म्हणून विचारही लिहिणार.

आजचं बीपी १६० आणि खाली १००. यात माझा दोष नाही. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद आणि नर्सने दंडाला पट्टा असा आवळला, जसा काही मी पळून जाणार होतो.

गेलो होतो सुहैरसाठी. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. दोन वर्षं तिच्या टेस्ट चालल्यात. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, क्ष-किरण झाले. सगळं नॉर्मल. आज डॉक्टरबाईंनी तिची फाइल मिटली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, आता तुमची पाळी.

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

त्यांना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, डॉक्टरबाई, मी रागिब. दुम्यातमध्ये नवरा-नवरीचे पलंग बनवतो. गेल्या वीस वर्षांत नाईलच्या अर्ध्या डेल्टातली पोरं माझ्या पलंगांवर जन्माला आलीत. त्या म्हणाल्या, पलंगाची टेस्ट नको आहे, उस्ताद रागिब, तुमची हवी आहे.

सुहैर हसली. यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

बीपीसाठी एक गोळी दिलीय, रोज सकाळी. संध्याकाळी कहवाखान्यात माझा दोस्त फतूह याला दाखवली. तो म्हणाला, ही गोळी घेणारा पुरुष महिन्याभरात उशी होतो. गोळ्या टेबलाच्या खणात ठेवल्या. नाकारलेल्या नाहीत, पुढे ढकलल्यात.

टेस्ट करणार. नक्की. पण अभ्यास न करता परीक्षेला बसणाऱ्यातला मी नाही. आधी महिनाभर तयारी.

४ सप्टेंबर, बुधवार, सकाळी सात

संकल्प. १. सिगरेट बंद. २. मीठ बंद. ३. नाईलच्या काठाने रोज पाच किलोमीटर चालणं. ४. रागावणं बंद.

बीपी मोजलं नाही. माणसाला इतकं छान वाटत असताना मोजायचं कशाला?

त्याच दिवशी, सकाळी साडेनऊ

पोर्ट सईदच्या गिऱ्हाइकाने ड्रेसिंग टेबलचा रंग बदलून मागितला. तिसऱ्यांदा. चौथा संकल्प उद्यापासून.

५ सप्टेंबर, गुरुवार

सिगरेट बंद म्हणजे बंद. पूर्ण दिवस एकही नाही. संध्याकाळी हुक्का ओढला, पण तो सफरचंदाचा होता. फळ.

८ सप्टेंबर, रविवार

बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडे गेलो. त्याला काही सांगावं लागलं नाही. चेहरा बघूनच तो मागच्या खोलीत गेला आणि एक बरणी घेऊन आला. मध, आलं, कसलीतरी मुळी आणि नाव न सांगण्यासारखं एक बी. म्हणाला, माझ्या आजोबांना सत्तराव्या वर्षी जुळं झालं. दिवसाला अर्धा चमचा.

तीन चमचे घेतले. मी घाईतला माणूस.

दुपारी कान गरम झाले, छाती धडधडू लागली. बदीर मिस्त्रीने करवत थांबवून विचारलं, मालक, डोळे का लाल झालेत? म्हटलं, ताकद येतेय. तो म्हणाला, मग जरा बसून येऊ द्या.

बदीर साधा माणूस आहे. तीस वर्षं लाकूड कापतोय, वडिलांच्या वेळेपासून. पाच पोरं आहेत त्याला. पाच! मिठाचं पांढरं चीज खातो, चहात चार चमचे साखर घालतो, आणि पाच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आई जेवायला आली. स्वतः भरलेलं बदक आणलं, शिवाय माझ्यासाठी भरलेली कबुतरं, चार. म्हणाली, कबुतर पुरुषाला चांगलं. मी कधी आईचा शब्द मोडला नाही. चारही खाल्ली.

जेवताना आईने पिशवीतून वाळलेल्या पाल्याची पुडी काढून सुहैरसमोर ठेवली. म्हणाली, उकळून पी, पोरी. तुझं अंग थंड आहे, म्हणून राहत नाही.

सुहैरने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललोच असतो, पण तोंडात घास होता. कबुतराची हाडं बारीक असतात, लक्ष द्यावं लागतं.

आई गेल्यावर सुहैर म्हणाली, माझे सगळे रिपोर्ट चांगले आलेत, हे तुझ्या आईला सांगितलंयस का? म्हटलं, योग्य वेळ येऊ दे. ती म्हणाली, दोन वर्षांत आली नाही? आणि पुढे म्हणाली, तू टेस्टला कधी जातोयस?

सुहैरला टेन्शन फार. शाळेत सहावीच्या वर्गात चाळीस मुलींना भूगोल शिकवते, त्याचा परिणाम. तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. तिने घेतला. फार मोठा घेतला.

१९ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी आठ

अखेर चालायला गेलो! वारा छान, नाईल शांत, पाय हलके. पुलापर्यंत गेलो. पुलाशी मुशब्बकवाला कढईतून पहिला घाणा काढत होता. पाकात निथळणारी ती जाळीदार वेटोळी बघून मला अख्खं बालपण आठवलं. पाव किलो बालपण खाल्लं. परत टुकटुकने आलो, कारण खाल्ल्यावर लगेच चालू नये.

जिना चढताना छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटलं. गॅस.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कहवाखान्यात फतूहने विचारलं, काय रे, गोड बातमी कधी? तसं सगळेच विचारतात. आज मी खोल उसासा टाकला आणि म्हटलं, सुहैरचे उपचार चालू आहेत.

खोटं नाही. उपचार चालूच आहेत. कोणाचे, हा बारकावा.

सगळ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवले. एकाने माझ्यासाठी गरम दुधाचं सहलब मागवलं, वर दालचिनी, बदाम. फतूहचे डोळे भरून आले. म्हणाला, आणि तरी तू दुसरं लग्न केलं नाहीस! मी नुसती मान हलवली. घरी येईपर्यंत मला स्वतःबद्दल फार आदर वाटत होता.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज गेलो. लॅबमध्ये. कोणी म्हणू नये की रागिब घाबरला.

काउंटरवरच्या माणसाने डबी दिली, त्यावर माझं नाव लिहिलं, जरा मोठ्यानेच वाचलं आणि शेवटच्या खोलीकडे बोट दाखवलं. खोलीत एक खुर्ची, एक बेसिन आणि भिंतीवर स्वित्झर्लंडचं कॅलेंडर. गायींचं.

दार लावलं. दार लागेना. चौकटीला खाली घासत होतं, वर दोन बोटं फट. बाहेर बाकावर बसलेल्या बाईचा बूट मला दिसत होता. अशा परिस्थितीत कोणता इभ्रतदार माणूस काही करू शकेल?

बघितलं तर वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू ढिले होते. खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर असतोच. स्क्रू आवळले. मग लक्षात आलं की मूळ दोष चौकटीत आहे. पाकिटातला जाड कागद दुमडून बिजागरीमागे घातला, दार उचलून पुन्हा बसवलं. तेवढ्यात खुर्चीचा मागचा पाय डुगडुगताना दिसला. तोही ठोकला.

चाळीस मिनिटांनी काउंटरवाल्याने दार वाजवलं. उस्ताद, झालं का? म्हटलं, झालं. उघडून बघा, आता लोण्यासारखं फिरतं.

त्याने दार दोनदा उघडलं, मिटलं. खूश झाला. मग म्हणाला, आणि डबी?

डबी मी तशीच परत दिली. म्हटलं, पुन्हा येईन.

६ ऑक्टोबर, रविवार

सुहैरने विचारलं, रिपोर्टचं काय? सांगितलं, लॅबचं मशीन बिघडलंय. ती म्हणाली, अस्सं. पार्ट जपानहून यायचा असेल. म्हटलं, हो, जपानहूनच. ती म्हणाली, लांब आहे जपान. आणि वह्या तपासू लागली.

पटलं तिला.

९ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी

लॅबला फोन केला. घरून आणलं तरी चालतं! एका तासाच्या आत पोहोचलं पाहिजे आणि अंगाशी, आतल्या खिशात धरून आणायचं, ऊब राहावी म्हणून.

फोन ठेवला आणि समोर बघितलं. समोर बदीर मिस्त्री बीच लाकडाची फळी रंधत उभा होता. खिडकीतून त्याच्यावर ऊन पडलं होतं.

पाच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बदीरला पॉलिशच्या खोलीत नेलं. पॉलिशचा शेवटचा हात मी स्वतः मारतो, तिथे दुसरं कोणी येत नाही. दार लावून सगळं सांगितलं. बदीरने भिंतीला असा हात टेकला की मला वाटलं वासाने त्याला गुंगी आली.

मग म्हणाला, मालक, तीस वर्षांत तुम्ही माझ्याकडे करवत मागितलीत, पटाशी मागितलीत, एकदा माझी सायकल मागितलीत. हे नका मागू.

म्हटलं, मिस्त्री, कोणाचं नुकसान आहे यात? फक्त एक कागद चांगला येईल. घरात शांतता होईल. शांतता झाली की माझं टेन्शन जाईल, टेन्शन गेलं की मूल होईल. डॉक्टरच म्हणतात टेन्शन वाईट.

बदीर म्हणाला, आणि इन्शिराहला काय सांगू? इन्शिराह त्याची बायको. म्हटलं, काही सांगू नका. तो म्हणाला, तुम्ही तिला ओळखत नाही.

शेवटी त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नासाठी चार दारी कपाट द्यायचं ठरलं. नक्षी मी स्वतः करणार. बदीरने होकार दिला, पण माझ्याकडे न बघता.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आजचा दिवस कोणी चित्रपटात दाखवला तर लोक म्हणतील अतिशयोक्ती आहे.

सकाळी नऊ वाजता बदीरच्या गल्लीच्या तोंडाशी उभा. तो आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली डबी माझ्या हातात कोंबली आणि निघून गेला. मी ती शर्टाच्या आत, बगलेत धरली. घड्याळ लावलं. टुकटुकमध्ये बसलो.

पुलावर सोफे लादलेला ट्रक आडवा झाला होता. माझ्याच शेजारच्या दुकानाचे सोफे! वीस मिनिटं गेली. पंचवीस. टुकटुकवाला खाली उतरून सिगरेट ओढू लागला. मी उतरलो आणि पळालो. बेचाळिसाव्या वर्षी, एक हात बगलेत दाबून, अख्ख्या पुलावरून. लोक बाजूला होत होते. कोणीतरी ओरडलं, हात मोडलाय त्याचा, वाट द्या! एका म्हातारीने दुवा दिली.

लॅबमध्ये पोहोचलो, तेव्हा अठ्ठावन्न मिनिटं. काउंटरला धरून उभा राहिलो. छातीत पुन्हा तो गॅस, या वेळी डाव्या हातापर्यंत गेला. गॅस किती लांब जाऊ शकतो!

काउंटरवाल्याने मला ओळखलं. डबीवर माझं नाव लिहिलं आणि म्हणाला, उस्ताद, ते दार अजून मस्त चालतंय. आमच्या कपाटाचंही एकदा बघाल?

१६ ऑक्टोबर, बुधवार

नऊ कोटी साठ लाख!!

एका मिलीलिटरमध्ये. हालचाल उत्तम. आकार उत्तम. दीड कोटी असले तरी पुष्कळ म्हणतात. नऊ कोटी साठ लाख! म्हणजे जवळजवळ अख्खा इजिप्त.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

रिपोर्ट सुहैरच्या पुढ्यात ठेवला. तिने दोनदा वाचला. विचारलं, हे तुझं? म्हटलं, वर नाव वाच. तिने नाव वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. बराच वेळ.

आनंद झाला की बायकांना काही सुचत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रिपोर्टच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक खिशात असते.

शांतपणे विचार केला तर यात बदीरचा वाटा किती? त्याने फक्त कच्चा माल दिला. वेळेत पोहोचवला कोणी? पुलावर पळालं कोण? त्यांची हालचाल उत्तम आली, ती कोणाच्या बगलेच्या उबेमुळे? लाकूड जंगलातून येतं, पण पलंगावर नाव कारागिराचं असतं.

खरं सांगायचं तर मला पहिल्यापासून शंका नव्हती.

२१ ऑक्टोबर, सोमवार

नजलाबाईंकडे गेलो. ऐटीत. रिपोर्ट टेबलावर ठेवला, पायावर पाय टाकला. त्यांनी वाचला. माझ्याकडे बघितलं. सुहैरकडे बघितलं. सुहैर खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरबाई म्हणाल्या, छान. पुरुष उत्तम, बाई उत्तम, आणि सात वर्षं मूल नाही. मग आता सुहैरबाईंच्या पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल. भूल द्यावी लागेल. छोटं ऑपरेशन. पाच नोव्हेंबर?

मी पाय खाली घेतला. म्हटलं, एवढ्याची गरज आहे का? त्या म्हणाल्या, हा रिपोर्ट खरा असेल तर आहे.

म्हटलं, लॅबचा शिक्का आहे.

बीपी १७० आणि खाली ११०. तीच नर्स. तोच पट्टा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आईला रिपोर्टची झेरॉक्स दाखवावी लागली. माझ्या खिशातून ती आपोआप बाहेर आली. आईने ती डोळ्यांना लावली. मग तिने तिन्ही मावश्यांना फोन केले. सुहैर तिथेच बसून भेंडी चिरत होती. आई फोनवर म्हणाली, मी म्हणतच होते, माझ्या पोरात काही नाही, हिचंच काहीतरी आहे.

सुहैरची सुरी थांबली नाही. एकाच मापाचे तुकडे. भूगोलवाल्यांना मापाची सवय असते.

२७ ऑक्टोबर, रविवार

सुहैरने फ्रिजवर यादी लावलीय. विजेचं बिल कुठल्या खणात, गॅसवाल्याचा नंबर काय, माझे हिवाळ्याचे कपडे कुठे. विचारलं, हे कशाला? म्हणाली, भूल द्यायची म्हटल्यावर काही सांगता येत नाही. तुला काहीच सापडत नाही.

जेवण गेलं नाही. कबुतर असूनही.

संकल्प: उद्या सगळं सांगायचं.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सांगणारच होतो. पण तिने वांगी-मटण केलं होतं, मन लावून. अशा जेवणाचा विचका करणं बरं नव्हे.

३० ऑक्टोबर, बुधवार

सांगणारच होतो. तिला सर्दी होती.

२ नोव्हेंबर, शनिवार

सांगायला सुरुवात केली. म्हटलं, सुहैर, बदीर मिस्त्री आहे ना. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पूर्ण वळून बसली. म्हणाली, हं. बदीरचं काय?

म्हटलं, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय.

तिने पेन उचलून टोपण लावलं. मग म्हणाली, हो, ऐकलंय. आणि दिवा बंद केला.

४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांना त्यांचं काम कळतं. दुर्बीण म्हणजे काय, एक बारीक नळी. बघतील, काही नाही म्हणतील, घरी सोडतील. मी उगाच घाबरतोय. शिवाय तपासून घेतलेलं बरंच. उलट मीच तिच्या तब्येतीची काळजी घेतोय, असंही म्हणता येईल.

हे वरचं वाक्य लिहून बराच वेळ बघत बसलो. खोडलं नाही. पण अक्षर माझं वाटत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी चार

हे पडल्या पडल्या लिहितोय. नर्सने हातातली सुई हलवू नका म्हटलंय, म्हणून अक्षर वाकडं.

सकाळी सात वाजता नजलाबाईंच्या नर्सिंग होममध्ये पोहोचलो. सुहैरला हिरवा झगा घातला, ट्रॉलीवर झोपवलं. ती एवढीशी दिसत होती. तिच्या बोटातली अंगठी काढून नर्सने माझ्या हातात दिली. आई बाकावर जपमाळ ओढत होती. म्हणाली, होईल सगळं ठीक, एकदा हिचा दोष निघाला की.

ट्रॉली निघाली. मी तिची पर्स घेऊन मागे. लिफ्ट गेली. कॉरिडॉर सरला. ऑपरेशनचं दार आलं. वॉर्डबॉयने दार ढकललं, आणि माझा हात आपणहून पुढे गेला आणि ट्रॉलीचा दांडा पकडून बसला.

ओरडलो, थांबा! ते बदीरचे आहेत!

सगळे थांबले. वॉर्डबॉय म्हणाला, काय बदीरचं?

नऊ कोटी साठ लाख! सगळे बदीरचे! माझं त्यात एकही नाही!

आईची जपमाळ खाली पडली. म्हणाली, कोण बदीर? आपला मिस्त्री?

सुहैर ट्रॉलीवर उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. दारातून नजलाबाई बाहेर आल्या, हातात चहाचा कप. सुहैर त्यांना म्हणाली, मी म्हटलं होतं ना, दारापर्यंत येईल पण बोलेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला वाटलं होतं लिफ्टशीच फुटेल.

ऑपरेशन नव्हतंच. सुहैरचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं. चौदा ऑक्टोबरलाच, मी लॅबमध्ये धापा टाकत होतो तेव्हा, इन्शिराह सुहैरच्या शाळेत जाऊन बसली होती. बदीरला चार दारी कपाटाचं कारण सांगता आलं नव्हतं.

मला हसू यायला लागलं. खरंच. एवढं हलकं वाटलं की हसता हसता छातीवरचा तो माणूस परत येऊन बसला, या वेळी सहकुटुंब. डावा हात, मग जबडा. कॉरिडॉर वाकडा झाला. ट्रॉली तयारच होती. सुहैर उतरली, मी चढलो.

बीपी २०० आणि खाली १२०. पट्ट्याबद्दल काही म्हणणं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मोठ्या हॉस्पिटलात आहे. हृदयविकाराचा झटका नव्हता, त्याच्या आदल्या स्टेशनावरून मला उतरवून घेतलं. एक रक्तवाहिनी अरुंद होती, तिच्यात जाळी बसवली. ज्याला मी दीड महिना गॅस म्हणत होतो, ते हृदय होतं. डॉक्टर म्हणाले, बिचारं रोज सांगत होतं.

फतूह भेटायला आला. बीपीची गोळी रोज घ्यायची आहे म्हटल्यावर, घे बाबा, म्हणाला. स्वतः चार वर्षं घेतोय. म्हटलं, मग उशी होतो असं का म्हणालास? म्हणाला, तेव्हा सगळे बसले होते ना.

तो गेल्यावर सुहैर खुर्ची ओढून बसली. म्हटलं, रागव. ती म्हणाली, दोष तुझा असता तर मला काही वाटलं नसतं, रागिब. तो कोणाचाही असू शकतो. पण तुझी आई मला थंड म्हणाली तेव्हा तू कबुतर खात होतास. मी मरणाची यादी करून फ्रिजवर लावली तेव्हाही तू वांग्याकडे बघत होतास.

या वेळी तोंडात घास नव्हता.

म्हणाली, मी राहते. पण ज्या ज्या माणसाला तू माझ्याबद्दल सांगितलंयस, त्या प्रत्येकाला आता तू स्वतः खरं सांगायचं. तुझ्या आईला झालं, कॉरिडॉरमध्ये. बाकीचे राहिलेत.

आई संध्याकाळी आली. डबा आधी सुहैरला दिला. म्हणाली, बिनमिठाचा आहे त्याचा, तुझा वेगळा केलाय. एवढंच. खाली बघून उभी राहिली. सुहैरने तिला बसायला खुर्ची दिली. लगेच नाही दिली, पण दिली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

टेस्ट केली. माझी, माझ्या नावाने. सुहैर बाहेर बाकावर भूगोलाचे पेपर तपासत बसली होती. दार व्यवस्थित लागत होतं. बाकी तपशिलाची गरज नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

चाळीस लाख. हालचाल मंद.

नजलाबाईंनी समजावून सांगितलं. अंडकोषाजवळच्या शिरा फुगल्यात, म्हणून तिथे उष्णता साठते. छोटं ऑपरेशन आहे, पुष्कळांना गुण येतो. हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली की करू. हुक्का बंद, सफरचंदाचासुद्धा. बंद खोलीत बसून पॉलिशचा वास घेणं बंद. जडीबुटीची बरणी नाल्यात. मग तीन-चार महिन्यांनी परत मोजायचं, कारण नवीन तयार व्हायला तेवढा काळ लागतो. होईलच असं मी म्हणत नाही, त्या म्हणाल्या, पण दार बंद झालेलं नाही.

घरी येताना सुहैर म्हणाली, चाळीस लाख म्हणजे अगदीच वाईट नाही. दोहा शहरापेक्षा जास्त वस्ती आहे. भूगोल शिकवणाऱ्या बायकोचा हा फायदा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज कहवाखान्यात सांगायचं ठरवलं. सकाळपासून भाषण तयार करत होतो. मुद्दे: पुरुषार्थ म्हणजे काय, खरं बोलण्याचं धैर्य, माझ्या पत्नीचा सन्मान. आरशासमोर दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा आवाज भरून आला. कल्पना केली, सगळे स्तब्ध होतील. कोणाच्या तरी हातातून पेला निसटेल. फतूह उठून मिठी मारेल. कदाचित दुम्यातचे पुरुष आजपासून बदलतील.

दुपारच्या नमाजानंतर गेलो. पाच जण तावलाचा, आमच्या फाशांच्या खेळाचा, पट मांडून बसले होते. मी बसलो नाही, उभाच राहिलो. म्हटलं, मित्रांनो, मी तुम्हाला सांगितलं होतं की सुहैरचे उपचार चालू आहेत. ते खोटं होतं. तिच्यात काही दोष नाही, कधीच नव्हता. दोष माझ्यात आहे. चाळीस लाख.

पेला कोणाच्या हातून निसटला नाही.

फतूह पटावरून नजर न काढता म्हणाला, माझे साठ होते. ऑपरेशन केलं, मग नादिया झाली.

लाकडाच्या वखारीवाला म्हणाला, माझे पन्नास. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ गोळ्या. मग जुळे.

कोपऱ्यातला म्हातारा पोस्टमास्तर म्हणाला, आमच्या वेळी मोजायचे नाहीत, पण अकरा वर्षं लागली.

न्हावी म्हणाला, मला तर शून्य सांगितलं होतं, मग कैरोला जाऊन बारा निघाले. आणि शेजारी बसलेल्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा अजून सांगत नाही.

मी उभाच. भाषणाचे बाकीचे मुद्दे खिशात. म्हटलं, मग तुम्ही कोणी कधी काही बोलला का नाहीत? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. फतूह म्हणाला, कोणी विचारलंच नाही. सगळे बायकांचंच विचारतात.

मग तो जरा सरकला, बाकावर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाला, बस आता. नाहीतर पुन्हा छाती धरशील. तुझी खेळी आहे.

बसलो. फासे हातात घेतले, चांगले खुळखुळवले आणि टाकले.

दोन आणि एक. सगळ्यात लहान दान.